अतिभोजन, आग्रह आणि कोंबणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जास्त खाणाऱ्याला खादाड म्हणतात. मग जास्त खाऊ घालणाऱ्याला काय म्हणायचं?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की हे पान खरं तर त्याच्यासाठीच लिहायला घेतलं. सरळ उत्तर असं की मराठीत त्याला नाव नाही. खाणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दांची रास आहे: खादाड, अधाशी, हावरा, हावरट, वखवखलेला, भोजनभाऊ, बकासुर, भस्म्या झालेला. सगळे एकजात टोमणे. ज्याने पाचव्यांदा वाढलं, त्याच्या वाट्याला मात्र ‘अगत्यशील’, ‘हाताला सढळ’, ‘माणसांची आवड असलेला’ असली गोड विशेषणं. पोट बिघडतं पाहुण्याचं, दोष जातो पाहुण्याच्या जिभेकडे आणि पुण्य यजमानाला मिळतं.

वाढणाऱ्याच्या कृतीला शब्द आहे, तो म्हणजे ‘आग्रह’. पण ती तक्रार नाही, कौतुक आहे. ‘त्यांच्याकडे फार आग्रह करतात हो’ हे वाक्य उच्चारून पाहा. बोलणाऱ्याचा हात पोटावर असतो, तरी सूर कौतुकाचाच लागतो.

‘आग्रह’ हा शब्द मुळात जेवणाचाच का?

नाही. आ आणि ग्रह, म्हणजे घट्ट धरणं. संस्कृतात एखादी गोष्ट धरून बसणं, हट्ट, निकराची इच्छा असा त्याचा अर्थ. दुराग्रह, पूर्वग्रह, आग्रही ही सगळी त्याच घरातली मंडळी. ताटाशी त्याचा जन्माचा संबंध नाही.

गंमत ज्ञानेश्वरीत आहे. सहाव्या अध्यायात ‘नात्यश्नतस्तु योगोऽस्ति’ (अति खाणाऱ्याला योग साधत नाही) या गीतेतल्या श्लोकावर लिहिताना ज्ञानेश्वर आधी खादाडाला बाहेर काढतात: ‘जो रसनेंद्रियाचा अंकिला, कां निद्रेसी जीवें विकला’, तो योगाचा अधिकारी नाही. आणि लगेच पुढची ओवी येते, ‘अथवा आग्रहाचिये बांदोडी, क्षुधा तृषा कोंडी’. बांदोडी म्हणजे बंदिवास. हट्टाच्या तुरुंगात जो आपली तहानभूक कोंडून ठेवतो, तोही चालणार नाही. म्हणजे शके १२१२ मध्ये, इसवी सन १२९० मध्ये, हा शब्द जेवणाच्या संदर्भात आला तो उपाशी राहण्याच्या हट्टासाठी. आज तोच शब्द आपण पोट फुटेस्तोवर वाढण्याच्या हट्टासाठी वापरतो. हट्ट तोच राहिला. तो करणारा ताटाच्या एका बाजूने उठून दुसऱ्या बाजूला, भांडं हातात घेऊन उभा राहिला.

‘सत्याग्रहा’तला आग्रह हाच का?

हाच. दक्षिण आफ्रिकेत गांधींनी आपल्या चळवळीसाठी नाव सुचवायला सांगितलं, मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवलं आणि गांधींनी त्याचं ‘सत्याग्रह’ केलं. घट्ट धरून ठेवणं हाच अर्थ. तेव्हा श्रीखंडाचं भांडं घेऊन समोर उभी राहिलेली मावशी आणि उपोषणाला बसलेला सत्याग्रही व्याकरणाच्या दृष्टीने एकाच गोत्राचे.

‘अतिभोजन’ हा शब्द जुना की अलीकडे डॉक्टरांनी आणलेला?

चांगलाच जुना. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो जसाच्या तसा आहे: ‘अनारोग्यमनायुष्यमस्वर्ग्यं चातिभोजनम्, अपुण्यं लोकविद्विष्टं तस्मात्तत्परिवर्जयेत्’. अतिभोजनाने आरोग्य जातं, आयुष्य घटतं, स्वर्ग हुकतो, पुण्य लागत नाही, आणि शिवाय ते ‘लोकविद्विष्ट’ आहे, म्हणजे लोकांना ते आवडत नाही. मला यादीतला हा शेवटचा मुद्दा फार आवडतो. स्वर्गाइतकंच ‘लोक काय म्हणतील’ याला वजन आहे.

पण इथेही सगळा रोख खाणाऱ्यावर. ‘अतिवाढप’ असा शब्द कुणी घडवला नाही. गीतेतला ‘अत्यश्नतः’ हाही खाणाराच. त्या शब्दातलं ‘अशन’ म्हणजे खाणं. प्राशन, अनशन यांत तेच दिसतं.

अध्यशन म्हणजे अतिभोजनच ना?

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. आयुर्वेदाने चुकीच्या खाण्याचे तीन प्रकार वेगळे काढले. पथ्यकर आणि अपथ्यकर एकत्र खाणं ते समशन. अवेळी, फार कमी किंवा फार जास्त खाणं ते विषमाशन. आणि आधीचं पचायच्या आत त्याच्यावर पुन्हा खाणं ते अध्यशन.

लग्नाच्या दिवशी आपण करतो ते बहुतेक अध्यशन. सकाळी नाश्ता, अकराला ‘थोडंसं काहीतरी’, दीडला पंगत, चारला चहाबरोबर चिवडा-लाडू. एकेक वेळ घेतली तर कुठेच अति नाही. पण आधीचं गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडायच्या आत पुढचं आत घुसतं.

किती खावं याचंही माप दिलेलं आहे. चरक आपल्या संहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात पोटाचे तीन भाग करायला सांगतो: एक घन अन्नाला, एक पातळाला, एक वात-पित्त-कफाला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात चार भाग आहेत: दोन अन्नाला, एक पाण्याला आणि चौथा रिकामा. त्या चौथ्या भागाबद्दल आपल्याकडे एकमत नाही. पाहुण्याला वाटतं तो वाऱ्यासाठी आहे, यजमानाला वाटतं जिलबीसाठी.

अजीर्ण आणि अपचन एकच का?

बोलताना एकच. शब्द म्हणून ‘अजीर्ण’ जास्त रसाळ आहे. जीर्ण म्हणजे जुनं झालेलं, विरलेलं, म्हणूनच पचलेलंही. जीर्ण वस्त्र आणि जीर्ण अन्न यांत शब्द एकच. पोटात गेलेलं ‘जुनं’ झालं नाही की ते अजीर्ण. अगस्तीने वातापीला पोटातच जिरवलं, ती कथा ‘जिरणे’ या क्रियापदाशिवाय मराठीत सांगताच येत नाही. ‘चांगली जिरली त्याची’ म्हणताना मात्र आपल्याला पोट आठवत नाही.

अजीर्णाची सगळ्यात मोठी केस माणसाची नाही, अग्नीची आहे. महाभारताच्या प्रचलित पाठात, आदिपर्वात, श्वेतकी नावाच्या राजाची कथा येते. त्याने १२ वर्षं अखंड यज्ञ केला आणि त्यात तुपाची धार थांबली नाही. अग्नी ते पीत राहिला. शेवटी तो फिका पडला, त्याची भूक मेली, तेज गेलं, आणि तो ब्रह्मदेवाकडे तक्रार घेऊन गेला. उपाय मिळाला खांडववनाचा: ते सगळं जंगल, आतल्या प्राण्यांसकट, खा. पुढे कृष्ण आणि अर्जुन मदतीला आले आणि वन जळलं.

म्हणजे तूप पाजलं राजाने, अजीर्ण झालं अग्नीला आणि मेली जंगलातली जनावरं. राजाला कुणी बोल लावला नाही. उलट तो मोठा यजमान म्हणूनच ओळखला जातो. ‘यजमान’ हा शब्दही मूळ यज्ञ करणाऱ्याचाच. आणि पंगतीत आपण काय म्हणतो? ‘उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म’. पोटातला अग्नी आणि कुंडातला अग्नी एकच मानायचे, तर दोघांना तूप सोसवेल तितकंच घालावं एवढं तरी त्या कथेवरून दिसतं.

भरवणं, चारणं, कोंबणं, ठासणं, चेपणं यांत नेमका फरक काय?

भरवणं म्हणजे घास करून दुसऱ्याच्या तोंडात देणं. यात माया आहे. बाळाला, आजाऱ्याला, लग्नात नवरा-नवरीने एकमेकांना.

चारणं हे ‘चरणे’चं प्रयोजक. जनावरासाठी सरळ अर्थाने, माणसासाठी वापरलं की वास येतो: ‘त्याने साहेबाला चारले’ म्हणजे पैसे. माणसाला अन्न चारणं म्हटलं की एकतर तो पाळलेला तरी असतो किंवा फितवलेला.

कोंबणं म्हणजे जागा नसताना आत घालणं. पिशवीत कपडे कोंबतात, एसटीत माणसं कोंबतात. घास कोंबला म्हटलं की खाणाऱ्याची इच्छा नव्हती हे कळतंच. वाढणाऱ्याला दोष देणाऱ्या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच. पण तो आपण फक्त घरातल्यांसाठी वापरतो: ‘अगं, किती कोंबशील त्या पोराच्या तोंडात?’ यजमानाला ‘तुम्ही मला कोंबलंत’ असं कोण म्हणेल?

ठासणं हा बंदुकीचा शब्द. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने दाबून बसवत. ‘ठासून भरलं’ म्हणताना तो गज अजून आत असतो. ‘ठासून जेवलो’ म्हणणारा माणूस मात्र तक्रार करत नसतो, बढाई मारत असतो. चेपणं त्याचंच जरा घरगुती भावंड: ‘चार पोळ्या चेपल्या’.

आणि हादडणं, ओरपणं, ताव मारणं?

हे सगळे खाणाऱ्याचे. ओरपायला पातळ लागतं, ताक किंवा आमटी. हादडायला प्रमाण लागतं, चव नसली तरी चालते. ताव मारायला आवड लागते. ‘आडवा हात मारणं’ म्हणजे न लाजता भरपूर खाणं. आणि पानावर आडवा हात धरणं म्हणजे आता नको. हात एकच, आडवाच, पण दोन वाक्प्रचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना हे समजावताना मी एकदा हरलो आहे.

सगळ्याच्या शेवटी येते तडस. पोट तट्ट झालं, बसवत नाही, झोपवत नाही, कमरेची गाठ सैल केली तरी सुटका नाही, ती तडस. हा शब्द मागे पडत चालला आहे याचं वाईट वाटतं. ‘ब्लोटिंग’मध्ये ती गोष्ट नाही.

पंगतीतला आग्रह नेमका चालतो कसा?

तो दोन नियमांवर चालतो. पहिला: वाढणाऱ्याने वाढत राहायचं. दुसरा: जेवणाऱ्याने पानात टाकायचं नाही. दोन्ही नियम एकेकटे चांगले आहेत. एकत्र आले की सापळा होतो. पानात पडलं की संपवायचं, आणि संपलं की ते ‘रिकामं दिसतं’ म्हणून पुन्हा पडतं.

माझ्या आत्याचं काम मी जवळून पाहिलं आहे. ती कधीच ‘वाढू का?’ असं विचारायची नाही. ‘एक की दोन?’ असं विचारायची, म्हणजे शून्य हा पर्यायच संपला. पाहुणा ‘एक’ म्हणेपर्यंत दोन पुरणपोळ्या पडलेल्या असायच्या, घडी घातलेल्या, एकीसारख्या दिसणाऱ्या. ‘अर्धीच द्या’ म्हटलं तर ती पूर्ण पोळी दुमडून वाढायची आणि ‘ही अर्धीच’ म्हणायची. कुणी आडवा हात धरला तर तुपाची तांबली त्या हातावरच कलती करायची. हात आपोआप मागे जायचा. आणि या सगळ्यावर, पंगत रंगात आली की, मागून काकांचा आवाज: ‘सावकाश होऊ द्या!’ सावकाश खाल्लं की जास्त जातं अशी त्यांची पक्की समजूत होती.

पूर्वी याच्यावर पैजाही लागत. लाडू किंवा जिलब्या यांच्या संख्येवर पैसे लावायचे आणि पंगतीने मोजत राहायचं. अशा गोष्टी सांगताना लोक जिंकणाऱ्याचा आकडा सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

हे सगळं श्रीमंतीचं लक्षण ना?

मला उलट वाटतं. जिथे रोज भरपूर असतं तिथे कुणी मागे लागत नाही. ज्याला हवं तो घेतो. आग्रह मुरतो तो टंचाईत. पाहुणा भुकेला असूनही संकोचाने ‘नको’ म्हणेल, कारण यजमानाच्या डब्यात किती पीठ आहे हे त्यालाही माहीत आहे. म्हणून यजमानाने तीनदा विचारायचं, म्हणजे तिसऱ्यांदा त्याला लाज न वाटता ‘बरं, द्या’ म्हणता येईल. पहिल्या दोन ‘नको’ना किंमत नाही हे दोघांनाही ठाऊक असायचं.

ज्या आजी-आजोबांना आपण आग्रहासाठी हसतो, त्यांची वयं मोजून पाहा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं तेव्हा ते तरुण होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना मिळालेली सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी त्यांच्यातल्या अनेकांनी खाल्ली आहे. मिलोची भाकरी कशी लागायची ते माझ्या आजोळी अजून सांगतात. जिने ती थापली, तिला भरलेलं ताट समोरच्याने परत केलेलं बघवत नाही. डाळ-तांदूळ आता भरपूर आले, पण तीनदा विचारायची सवय गेली नाही. आता फक्त पहिला ‘नको’ खरा असतो आणि तो कुणी ऐकत नाही.

‘परान्नं प्राप्य दुर्बुद्धे’ हा श्लोक खरोखर सल्ला म्हणून लिहिला आहे का?

‘परान्नं प्राप्य दुर्बुद्धे मा शरीरे दयां कुरु, परान्नं दुर्लभं लोके शरीराणि पुनः पुनः.’ अरे मूर्खा, दुसऱ्याचं अन्न मिळालं की शरीरावर दया करू नकोस; परान्न दुर्मिळ आहे, शरीरं काय, पुन्हा पुन्हा मिळतात. ही थट्टा आहे, आणि फुकट जेवणाऱ्यांवरची उत्तम थट्टा. पुनर्जन्माचा इतका व्यवहारी उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. तरी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ती गंभीर चेहऱ्याने म्हणतोच.

लहान मुलांच्या बाबतीतही याला आग्रहच म्हणायचं का?

तिथे त्याला ‘भरवणं’ म्हणतात आणि म्हणून ते आणखी अवघड होतं. ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ ही युक्ती मुलाचं लक्ष ताटावरून उडवण्यासाठीच आहे. मूल तोंड फिरवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं. ही त्याची ‘नको’ म्हणायची भाषा. आपण ती खोडी समजतो. काऊ-चिऊची जागा आता मोबाइलने घेतली आहे आणि तो काऊपेक्षा फार चांगला भरवतो. काऊ निदान उडून तरी जायचा.

यामागे ‘बाळसं’ हा शब्द आहे. बाळसेदार, गुटगुटीत. मूल सडसडीत असलं की येणारा-जाणारा आईला विचारतो, ‘काही खात नाही का?’ मोठ्या माणसाच्या अंगावरचं तेच मांस ‘सुटलंय’ होतं आणि बाळाच्या अंगावर ते बाळसं.

जनावरांना जास्त घातलं तर त्याला काय म्हणतात?

आंबोण जास्त झालं, धान्य जास्त झालं, असंच म्हणतात. परिणामाला नाव आहे, पोटफुगी. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाला पुरणपोळी देतात. घरातल्यांनी दिलेली एक-दोन त्याला बाधत नाही. पण मिरवणूक दहा दारांवरून जाते आणि प्रत्येक दारात नैवेद्याचं पान असतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट कडब्यासाठी घडलेलं असतं. पीठ, गूळ, भात एकदम भरपूर गेला की पहिल्या कप्प्यात तो आंबतो, आम्ल वाढतं आणि रवंथ बंद पडतं. आमच्या भागातले एक पशुवैद्य सणाच्या दुसऱ्या दिवशी रजा घेत नाहीत. खाण्याचा सोडा भरपूर आणून ठेवतात आणि फोनची वाट बघतात. बैलाला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि पूजा झालेल्या बैलाला कोणी उपाशी कसं ठेवणार?

दुसऱ्या भाषांत जबरदस्तीने खाऊ घालण्याला वेगळा शब्द आहे का?

फ्रेंचमध्ये आहे: गावाज. बदकाच्या किंवा हंसाच्या घशात नळी घालून मका भरायचा, म्हणजे त्याचं यकृत कित्येक पट सुजतं आणि त्याचा ‘फ्वा ग्रा’ हा महागडा पदार्थ होतो. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या ४ हजारांहून जास्त वर्षं जुन्या थडग्यांच्या भिंतींवरही पक्ष्यांना असं भरवणारी माणसं कोरलेली आहेत. फ्रान्सने २००६ मध्ये फ्वा ग्राला कायद्याने सांस्कृतिक वारसा ठरवलं. भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली. मराठीत याला नेमका शब्द हवाच असेल तर ‘नरड्यात कोंबणं’ पुरेसा आहे. इथे मात्र कोंबणाऱ्याला दोष द्यायला आपण कचरत नाही, कारण तो आपला नातेवाईक नसतो.

उपोषण करणाऱ्याला नळीने अन्न देतात त्याला काय म्हणावं?

वर्तमानपत्रं ‘सक्तीने अन्न देणं’ लिहितात आणि ते बरोबर आहे. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले क्रांतिकारक जतींद्रनाथ दास यांना असं अन्न देण्याचा प्रयत्न झाला, त्यात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली आणि उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले. मणिपूरमध्ये उपोषण करणाऱ्या इरोम शर्मिला यांना २००० पासून २०१६ पर्यंत नाकातल्या नळीतून अन्न दिलं गेलं. इथे ‘आग्रह’ शब्द कुणी वापरणार नाही. ज्ञानेश्वरांच्या ओवीतला आग्रह इथे पलंगावरच्या माणसाकडे असतो.

यजमानाला न दुखावता थांबवायचं कसं? काही शब्द आहे का?

आहे, आणि फार हुशार शब्द आहे: ‘शास्त्रापुरतं’. ‘नको’ म्हटलं की वाद सुरू होतो. ‘शास्त्रापुरतं वाढा’ म्हटलं की यजमानाचं वाढणं झालं, पाहुण्याचं घेणं झालं आणि पानात पडतो लिंबाएवढा भात. ‘चवीपुरतं’ त्याच्या खालोखाल, पण त्यात धोका आहे; ‘चव आवडली ना? मग घ्या अजून’.

दुसरा उपाय वेळेचा. शेवटची पोळी संपवायची नाही. एक तुकडा पानात ठेवून गप्पा मारत बसायचं. वाढप्याची नजर रिकाम्या पानावर असते. सगळे ताक-भातावर आले की तो तुकडा उचलायचा. भावाच्या लग्नाआधीच्या महिन्यात त्याला ११ केळवणं झाली, त्यांतली सहा मी त्याच्याबरोबर या तुकड्यावर निभावली. सातव्याला आत्या होती. तिने लांबूनच तो तुकडा पाहिला, जवळ आली, म्हणाली, ‘हा गार झाला रे, टाक तो गाईला,’ आणि ताव्यावरची गरम वाढली.